सचिवपद मिळालं, पिशवीभर कागद मिळाले, आता?

पत्र : आमचं जुळे सोलापुरातलं कौटुंबिक स्नेहमंडळ 1998 साली नोंदलेलं आहे. सभासद 120. यंदा 27 एप्रिलच्या सभेत मला सचिव केलं. त्या सभेची सूचना दोन दिवस आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली होती. आधीच्या सचिवांनी प्लास्टिकच्या पिशवीत कागद आणून दिले. 2021-22 नंतर ऑडिट झालेलं नाही. बँकेत सह्या असलेल्या तिघांपैकी एक पुण्याला गेले, एक वारले. उरले खजिनदार काका. दोन सह्यांशिवाय चेक निघत नाही, म्हणून वर्गणी आणि खर्च सगळं काकांच्या स्वतःच्या फोनवरून चालतं. अध्यक्षांना आधी लेटरहेड आणि चौकात अभिनंदनाचा फलक हवाय. उपाध्यक्षांना आपलं काम काय ते माहीत नाही. कुणी काय करायचं असतं, आणि मी सुरुवात कुठून करू? काकांशी वाईटपणा नको, ते माझ्या सासऱ्यांचे मित्र आहेत. — एक सचिव, सोलापूर

उत्तर :

ताई, पिशवी उघडण्याआधी तुमची निवड तपासा. सूचना दोन दिवस आधी, तीही ग्रुपवर, ही पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ आहे. बहुतेक मंडळांच्या घटनेत सर्वसाधारण सभेसाठी ठरावीक दिवसांची लेखी सूचना लागते. तुमच्या घटनेत किती दिवस लिहिलेत ते पाहा. दोन दिवसांत ते बसत नसेल, तर ती निवड कागदावर लंगडी आहे. पुढे धर्मादाय कार्यालयात एखाद्या सभासदाने हरकत घेतली, तर बदल अर्ज, म्हणजे नव्या पदाधिकाऱ्यांची नावं नोंदीत घालण्याचा अर्ज, नेमका इथेच अडतो. सभेला शंभर जण होते का, हा प्रश्न नंतर येतो. सूचना सगळ्यांना मिळाल्याचा पुरावा आधी मागतात.

घटनेची प्रत पिशवीत नसेल तर तिची नक्कल धर्मादाय कार्यालयात अर्ज करून मिळते. सोबत परिशिष्ट 1 चा उताराही मागा. मंडळाच्या नोंदीत आज पदाधिकारी म्हणून कुणाची नावं आहेत ते त्यावरून कळेल. ती नावं आठ-दहा वर्षांपूर्वीची निघाली तर दचकू नका, सोलापुरातच काय, सगळीकडे हेच चित्र आहे. घटना हातात आली की पेन्सिल घेऊन एवढ्या जागी खुणा करा : कार्यकारिणीची मुदत, सूचनेचे दिवस, गणपूर्ती (सभेला किमान किती सभासद हवेत), चेकवर कुणाच्या सह्या, ठरावाशिवाय किती खर्च करता येतो, थकबाकीदाराचं काय, निवडणूक कशी घ्यायची. ‘आपल्याकडे असंच चालतं’ याला घटनेत कलम नसतं.

निवड लंगडी असेल तर ती पुन्हा घ्या. ‘पुढच्या सभेत मान्यता देऊन टाकू’ असं कुणी सुचवेल. त्या वाटेला जाऊ नका. मुळातल्या सूचनेतलं वैगुण्य मान्यतेच्या ठरावाने पुसलं जाईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. सभा पुन्हा बोलवायला मात्र पंधरा-वीस दिवसच लागतात. सूचनेवर नोंदीतल्या जुन्या पदाधिकाऱ्यांपैकी, घटनेप्रमाणे सभा बोलवायचा अधिकार ज्यांना आहे त्यांची सही घ्या. नोंदीतले आणि प्रत्यक्षातले लोक फारच वेगळे असतील, तर न्यासाची कामं करणाऱ्या वकिलाला ही एक गोष्ट विचारून मगच सूचना काढा.

सूचनेत तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका हवी. घटनेत ‘पूर्ण पंधरा दिवस’ असं असेल तर सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस धरायचे नाहीत. व्हॉट्सअॅपवर जरूर टाका, पण आठवण म्हणून. घटनेत त्याची सोय नसेल तर खरी सूचना हातपोच, वहीवर सही घेऊन, किंवा टपालाने. जुळे सोलापुरात सव्वाशे घरं दोन संध्याकाळी होतात. चौघांनी गल्ल्या वाटून घ्या. कुलूपबंद घरांना त्याच आठवड्यात टपालाने पाठवा आणि टपालाची पावती त्या वहीतच चिकटवा. ‘ऐनवेळचे विषय’ ही ओळ शेवटी असू द्या, पण पैसे आणि निवडणूक त्या ओळीखाली कधीही येऊ देऊ नका.

मतदारांची यादी सभेआधी तयार करा. संस्था नोंदणी अधिनियम 1860 च्या कलम 15 प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून मोजलंही जात नाही. समजा 120 पैकी 34 थकबाकीदार निघाले, तर मतदार उरले 86. गणपूर्ती एक तृतीयांश असेल तर ती 120 वर काढली की 40 येते, 86 वर काढली की 29. हा फरक सभेच्या दिवशी दारात भांडणाचं कारण होतो. म्हणून थकबाकीची यादी सूचनेसोबतच द्या, पैसे भरायची शेवटची तारीख लिहा, आणि ती पाळा.

गणपूर्ती झाली नाही तर अर्ध्या तासाने त्याच जागी सभा घ्यायची पद्धत आहे. घटनेत तशी तरतूद असेल आणि सूचनेत तसं छापलं असेल तरच ती चालते. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. हजेरीची सही सभा सुरू होताना घ्या. दुसऱ्या दिवशी घरोघरी वही फिरवून घेतलेल्या सह्या ओळखू येतात, एकाच पेनाच्या असतात.

दिवस निवडताना सोलापूर विसरू नका. नळाला पाणी येण्याची पाळी ज्या दिवशी आहे त्या दिवशी निम्मं मंडळ टाकी भरण्यात असतं. जानेवारीच्या मध्यावर गड्ड्याची यात्रा, तेव्हा लोक होम मैदानावर. कोजागिरीला कितीतरी घरांतली माणसं तुळजापूरला पायी निघालेली असतात, तरी मंडळं नेमकी त्याच रात्री दुधाच्या कढईजवळ वार्षिक सभा उरकतात. आणि मे-जूनमध्ये दुपारी चारची वेळ देणाऱ्याने सभेला यायचंच नाही असं ठरवलेलं असतं. सकाळी नऊ किंवा संध्याकाळी साडेसहा.

आता पिशवी. ती तशीच ठेवून घेऊ नका. आधीच्या सचिवांना घरी बोलवा, चहा ठेवा, आणि दोघांनी मिळून यादी करा. संस्था नोंदणीचं आणि न्यास नोंदणीचं अशी प्रमाणपत्रं दोन असतात, दुसऱ्यावर ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक असतो. पॅन कार्ड, इतिवृत्त पुस्तकं, सभासद नोंदवही, जुने ऑडिट अहवाल, पासबुक, चेकबुक, कायम ठेवीच्या पावत्या. वापरलेल्या पावतीपुस्तकांची स्थळप्रत आणि कोरी पुस्तकं, दोन्ही ‘क्रमांक अमुक ते तमुक’ असं लिहून. कोरं पावतीपुस्तक म्हणजे मंडळाच्या नावाने पैसे गोळा करायचा परवाना. ते कुणाच्या कपाटात राहिलं हे लोक विसरतात. जे सापडलं नाही त्यापुढे ‘मिळाले नाही’ लिहा. दोन प्रती, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. पुढच्या वर्षी कुणी विचारलं की कागद कुणाकडून हरवला, तर ही यादी बोलेल.

सचिव म्हणून तुमचं खरं काम इतिवृत्त. बांधीव पुस्तक, पानांवर क्रमांक, सुट्टे कागद चिकटवायचे नाहीत. सभेनंतर तीन दिवसांत कच्चं लिहून अध्यक्षांना दाखवा. आठवडा उलटला की प्रत्येकाला वेगळी सभा आठवते. ठराव असा लिहू नका : ‘कोजागिरी उत्साहात साजरी करण्याचे सर्वानुमते ठरले.’ असा लिहा : ‘ठराव क्र. 4 : कोजागिरीचा कार्यक्रम अमुक तारखेला, अमुक जागी घेण्यात यावा. खर्चाची मर्यादा रु. 48,000. जबाबदारी सहसचिव. आगाऊ रक्कम रु. 10,000 चेकने. हिशेब व उरलेली रक्कम कार्यक्रमानंतर 15 दिवसांत खजिनदारांकडे. सूचक, अनुमोदक. बाजूने 9, विरोधात 2, ठराव बहुमताने मंजूर.’ दोघांनी विरोध केला असताना ‘सर्वानुमते’ लिहायची आपल्याकडे सवय आहे, सौजन्य म्हणून. पुढे तेच दोघे ते इतिवृत्त खोटं ठरवतात आणि त्यांचं बरोबर असतं. चूक झाली तर एका रेघेने खोडा, बाजूला सही करा. व्हाइटनर लावलेलं पान संशयाचं पान. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम झालं की अध्यक्षांची सही त्याच दिवशी घ्या.

अध्यक्षांचं काम हार घेण्यापलीकडे भरपूर आहे, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सभा चालवणं हे पहिलं. पैशाचे विषय वर घ्यायचे, कारण गणपूर्ती आणि डोकी दोन्ही सुरुवातीलाच शाबूत असतात. मागे भजी तळायला पडली की ठराव वाचणाऱ्याकडे कुणी बघत नाही. एका विषयावर एकाने दोनदाच बोलायचं. जो बोलत नाही त्याला नाव घेऊन विचारायचं, आणि सोलापुरात हे जास्तच लागतं. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे ज्येष्ठ सभासद मराठीतल्या ठरावावर गप्प राहतात आणि ती संमती धरली जाते. ठराव टाकण्याआधी कुणीतरी दोन वाक्यांत त्यांच्या भाषेत सांगावं. अध्यक्षांना निर्णायक मत घटनेने दिलं असेल तरच आहे. दुसरं काम म्हणजे महिन्यातून एकदा पासबुक, रोकडवही आणि अपुऱ्या कामांची यादी पाहून सही करणं. वीस मिनिटं लागतात. तिसरं, नाही म्हणणं : ठराव नसलेल्या खर्चाला, स्वतःच्या भाच्याच्या मंडपाला, आणि फलकालाही.

लेटरहेडचं मात्र त्यांचं ऐका, अर्धंच. छापा, पण पदाधिकाऱ्यांची नावं न घालता. दोन्ही नोंदणी क्रमांक, पत्ता, पॅन एवढं पुरे. कार्यकारिणी बदलली की नावाचे पाचशे कागद रद्दीत जातात, आणि नोंदीत नसलेली नावं छापलेला कागद बँकेत दिला तर प्रश्न विचारले जातात.

उपाध्यक्षांकडे जडसंग्रह द्या. खुर्च्या, सतरंज्या, पातेली, स्पीकर, मिक्सर. वस्तू, संख्या, खरेदीची तारीख, आज कुठे आहे. वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजणी. सभासद लग्नाला खुर्च्या नेतात त्याची वहीही त्यांच्याचकडे.

आणि खजिनदार. सगळ्यात जास्त इथे बिघडतं, तेही बहुतेक वेळा बेइमानीने नाही, सोयीने. वर्गणी आली, त्यातूनच मंडपवाल्याला दिले, उरलेले बँकेत भरले. असं एकदा झालं की रोकडवही आणि पासबुक कधीच जुळत नाहीत, कारण आलेली पूर्ण रक्कम बँकेत दिसतच नाही. नियम साधा आहे : आलेला प्रत्येक रुपया आधी पूर्ण बँकेत, दोन कामकाजी दिवसांच्या आत, खर्च वेगळा, चेकने किंवा मंडळाच्या खात्यातून. किरकोळीसाठी हातात रु. 2,000, ते संपले की बिलं दाखवून पुन्हा तेवढेच. पावत्या क्रमाने फाडायच्या. चुकलेली पावती फेकायची नाही, दोन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायची. खर्चाच्या प्रत्येक व्हाउचरला बिल, ठराव क्रमांक आणि पैसे घेणाऱ्याची सही. पाच हजारांवर रोख दिले असतील तर त्या सहीखाली एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प.

महिन्याअखेरी बँक मेळपत्रक करायचं. एक नमुना देतो. रोकडवहीत बँकेची शिल्लक 61,400. दिलेला पण न वटलेला चेक 8,500, तो मिळवा. भरलेला पण अजून जमा न झालेला चेक 3,000, तो वजा करा. बँकेने दिलेलं पण वहीत न लिहिलेलं व्याज 420, ते मिळवा. उत्तर 67,320, आणि पासबुकात तेच दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर त्याच महिन्यात शोधा. बारा महिन्यांनी शोधायला बसलात तर फरक सापडतो, कारण सापडत नाही.

काकांशी बोलायचं ते सभेत नाही आणि ग्रुपवर तर अजिबात नाही. सासऱ्यांनाही मध्ये घालू नका, मग तो घरचा विषय होतो. अध्यक्षांना सोबत घेऊन त्यांच्या घरी जा, आणि हिशेब मागण्याऐवजी त्यांच्या अडचणीपासून सुरू करा. ‘काका, मंडळाची वर्गणी तुमच्या खात्यावर येतेय. उद्या प्राप्तिकराच्या माणसाने विचारलं हे पैसे कसले, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागणार, मंडळाला नाही. हे तुम्ही अंगावर कशाला घेऊन बसलाय?’ हे खरंही आहे. वैयक्तिक खात्यातली जमा प्रथमदर्शनी त्यांचीच दिसते.

मग एक तारीख ठरवा, समजा महिन्याची 31. त्या दिवशी मंडळाचे किती पैसे त्यांच्या खात्यात आणि किती रोख, हे त्यांच्या हाताने एका कागदावर. रोख दोघांसमोर मोजायची, तिघांच्या सह्या. त्यांच्या खात्याच्या उताऱ्यावर मंडळाच्या नोंदींवर त्यांनीच खुणा करायच्या. बाकीचा उतारा तुम्ही मागू नका, तो त्यांचा खासगी. त्यांनी पदरचे घातले असतील तर तेही निघेल, अशा हिशेबात ते बऱ्याचदा निघतं, आणि ते ठराव करून परत द्या. काका तयार झाले नाहीत तर अध्यक्षांचं लेखी पत्र, पंधरा दिवसांची मुदत, त्यानंतर कार्यकारिणीच्या सभेत विषय. ‘घोटाळा’ हा शब्द तोपर्यंत कुणाच्या तोंडून येऊ देऊ नका, पुरावा हातात नसताना तो शब्द परत घेता येत नाही.

बँकेत नव्या सह्यांसाठी ठराव, नव्या पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, जुन्या सहीकर्त्यांच्या मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा लागतो. काही शाखा बदल अर्जाची पोच किंवा आदेशही मागतात. कोणते कागद लागतील ते शाखेकडून लेखी घ्या, नाहीतर तीन फेऱ्या होतात. तीन सहीकर्ते ठेवा, कोणतेही दोन, तिघेही सोलापुरात राहणारे, आणि एका घरातले दोन नकोत. नव्या सह्या सुरू होताच मंडळाच्या खात्याला जोडलेला क्यूआर घ्या. आणि पुण्याला जाणाऱ्या सहीकर्त्याकडून ‘असू द्या’ म्हणून सह्या केलेले कोरे चेक कधीही घेऊ नका. त्या क्षणी दोन सह्यांचा नियम संपतो. ठेवींची मुदत कधी संपते ते पाहा. आपोआप नूतनीकरण होत राहिलं तर जुन्याच नावांनी होत राहतं.

ऑडिटचं गणित सनदी लेखापालाकडे न्या, पण तयारी करून. विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेल्या मंडळाचे हिशेब 31 मार्चला बंद होतात आणि ऑडिट सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत अपेक्षित असतं. तुमची 2022-23, 2023-24 आणि 2024-25 अशी तीन वर्षं आहेत. सुरुवात सगळ्यात जुन्या वर्षापासून, कारण 31 मार्च 2022 च्या ऑडिट झालेल्या ताळेबंदातली शिल्लक ही पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक. बँकेकडून तीनही वर्षांचा उतारा घ्या, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींशी जोडा, आणि ज्या खर्चाचं बिलच नाही त्याची वेगळी यादी करा. ती यादी लपवू नका. कार्यकारिणीसमोर ठेवा आणि लेखापालाला तशीच द्या. मागच्या तारखेची बिलं बनवून द्यायला दुकानदार तयार असतो. तो मोह टाळा, त्यातून तीन वर्षांची हलगर्जी फसवणूक होऊन बसते.

शेवटी बदल अर्ज. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे बदल झाल्यापासून 90 दिवसांत तो द्यायचा असतो. सोबत सूचना, ती पोहोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्ताची प्रत, नव्या लोकांची संमतीपत्रं, गेलेल्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचा दाखला. मधल्या एक-दोन कार्यकारिणींचे बदल नोंदलेच नसतील, तर क्रमाने प्रत्येकाचा वेगळा अर्ज, आणि मुदत उलटलेल्यांसोबत विलंब माफीचा अर्ज, उशिराचं खरं कारण लिहून. संस्था नोंदणी अधिनियमाखालची कार्यकारिणीची वार्षिक यादी वेगळी, ती वार्षिक सभेनंतर 14 दिवसांत.

समजा नवी सभा 15 जूनला घेतलीत. 90 वा दिवस 13 सप्टेंबर 2025, तो दुसरा शनिवार, कार्यालय बंद. अर्ज 12 तारखेच्या शुक्रवारी द्यायचा असं धरू नका. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात द्या, म्हणजे त्रुटी निघाली तर दुरुस्तीला महिना उरतो. पोचपावतीच्या तीन प्रती काढा : एक फायलीत, एक बँकेत, एक खजिनदार काकांकडे.